वचन पाठ आहे, तरी भावावर प्रीती का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राहणारे आणि मंडळीत (चर्चमध्ये) नियमित येणारे एक गृहस्थ लिहितात की, वडिलांच्या पश्चात शहरातल्या घराच्या आणि गावाकडच्या ऊसशेतीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी त्यांचे बिनसले. रस्त्याकडेची जमीन आणि घराचा दर्शनी भाग भावाने स्वतःकडे ठेवला, असे त्यांचे म्हणणे आहे. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलेले असल्यामुळे वाद दोघा भावांतच आहे. दोघे एकाच मंडळीत बसतात, एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतात, पण बोलत नाहीत. हे गृहस्थ रोज पहाटे पवित्र शास्त्र वाचतात, करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीविषयीचा तेरावा अध्याय त्यांना तोंडपाठ आहे, भावाला क्षमा केल्याचे त्यांनी प्रार्थनेत पुष्कळदा म्हटले आहे. तरीही तो समोर दिसला की छातीत काहीतरी आवळले जाते. विश्वासाने आणि वचनाने हृदय नवे होते असे मंडळीत शिकवले जाते, मग माझे का होत नाही, आणि अशा मनाने मी प्रभुभोजन घ्यावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय बंधू, तुमची अवस्था जगावेगळी नाही. करवीर, पन्हाळा आणि हातकणंगले या भागांतील मंडळ्यांत बरीच वर्षे पाळकीय काम करताना ज्या घरगुती दुराव्यांशी माझा संबंध आला, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी शेताचा बांध, जाण्यायेण्याची वाट, विहिरीचा हिस्सा किंवा जुन्या घरातली एखादी खोली होती. धर्मसिद्धान्तावरून अबोला धरलेले सख्खे भाऊ मला क्वचितच भेटले. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळांपासून कामाला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्याकडे वाचता येण्याला आणि वचन पाठ असण्याला मोठा मान आहे. हा वारसा मौल्यवान आहे, पण त्याच्याबरोबर एक समजूतही रुजली, की जे वचन पाठ झाले ते आत उतरलेच. शास्त्र स्वतः असे कुठेही म्हणत नाही. नव्या करारातला पत्रलेखक याकोब तर आरशात तोंड पाहून, लगेच आपण कसे दिसत होतो ते विसरून जाणाऱ्या माणसाशी केवळ ऐकणाऱ्याची तुलना करतो.

आधी हे लक्षात घ्या की शास्त्रातली प्रीतीची आज्ञा तुमच्या तक्रारीला क्षुल्लक मानत नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा लेवीय १९ मध्ये येते आणि तो अध्याय शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी राखणे, मजुराची मजुरी रात्रभर अडवून न ठेवणे, खोटी वजने-मापे न वापरणे अशा रोखठोक गोष्टींनी भरलेला आहे. अनुवाद २७ मध्ये शेजाऱ्याच्या शेताची हद्दीची खूण सरकवणाऱ्याला शाप सांगितला आहे. आपल्याकडे बांध कोरणाऱ्यांनी हा अध्याय जरा सावकाश वाचायला हरकत नाही. लेवीय १९ मध्येच, प्रीतीच्या आज्ञेच्या अगोदरच्या वचनात, भावाचा मनात द्वेष करू नये आणि त्याला त्याचा दोष उघडपणे दाखवावा, असे दोन्ही एका दमात सांगितले आहे. म्हणजे जमिनीच्या वाटणीत अन्याय झाला असेल तर त्याला अन्याय म्हणणे हे प्रीतीच्या विरुद्ध नाही. मनातल्या मनात त्याचा हिशेब वाढवत राहणे आणि समोर मात्र काहीच न बोलणे, हे प्रीतीच्या विरुद्ध आहे.

परंतु आज्ञा कितीही नेमकी असली तरी ती हृदय बदलत नाही. हे सत्य शास्त्रानेच आपल्याला सांगितले आहे. यिर्मया १७ मध्ये यहूदाचे पाप लोखंडी लेखणीने हृदयाच्या पाटीवर कोरलेले आहे असे म्हटले आहे आणि त्याच संदेष्ट्याच्या ३१व्या अध्यायात देव आपले नियमशास्त्र लोकांच्या हृदयावर स्वतः लिहील, असे अभिवचन आहे. जे कोरलेले आहे ते माणसाने ठरवून पुसले जात नाही. तिथे दुसऱ्याचा हात लागतो. यहेज्केलाचे सुप्रसिद्ध वचन तुम्हाला ठाऊकच आहे: ‘मी तुम्हांला नवे हृदय देईन, तुमच्या ठायी नवा आत्मा घालीन, तुमच्या देहातून पाषाणमय हृदय काढून टाकीन व तुम्हांला मांसमय हृदय देईन.’ हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, पण त्याच्या आजूबाजूची वचने छापत नाही. यहेज्केल बाबेलमध्ये बंदिवानांत राहत होता. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडल्याची बातमी त्याच्या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात त्या लोकांपर्यंत पोहोचते आणि नव्या हृदयाचे अभिवचन त्यानंतर, ३६व्या अध्यायात, येते. त्याच अध्यायात देव दोनदा बजावतो की हे तो त्यांच्यासाठी, म्हणजे त्यांच्या योग्यतेमुळे, करत नाही. नवे हृदय हे चांगल्या प्रयत्नाचे बक्षीस असते तर ते बंदिवासात गेलेल्यांना कधीच मिळाले नसते.

तुमच्या पत्रातल्या एका गृहीताला मी येथे हात घालतो. प्रीती करण्याचा निश्चय आपण करायचा आणि वचनाने त्या निश्चयाला बळ द्यायचे, असा क्रम तुम्ही मनात धरला आहे. शुभवर्तमानाचा क्रम याच्या उलट आहे. योहान लिहितो, ‘पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो.’ विश्वास म्हणजे ही पहिली प्रीती स्वतःच्या नावाने स्वीकारणे. देव जगावर प्रीती करतो हे मान्य करणे सोपे आहे. पौल मात्र गलतीकरांस लिहिताना देवाच्या पुत्राने माझ्यावर प्रीती केली आणि स्वतःला माझ्यासाठी दिले, अशी थेट एकवचनी भाषा वापरतो, आणि हे लिहिणारा माणूस एके काळी मंडळीचा छळ करणारा होता.

लूक ७ मधील शिमोन परूश्याच्या घरचे जेवण या दृष्टीने पुन्हा वाचा. शिमोनाने येशूला जेवायला बोलावले, म्हणजे तो वैरी नव्हता. पण त्याने पाय धुवायला पाणी दिले नाही, चुंबन घेतले नाही, डोक्याला तेल लावले नाही. गावात पापी म्हणून ओळखली जाणारी एक स्त्री हे सारे करते, तेही अश्रूंनी. येशू तेव्हा दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो: एकाचे देणे ५०० दीनार, दुसऱ्याचे ५०, दोघांकडेही फेडायला काही नाही, आणि सावकार दोघांनाही सोडून देतो. मग अधिक प्रीती कोण करील, असे तो विचारतो. शिमोनाच्या ठायी प्रीती कमी होती याचे कारण तो वाईट यजमान होता असे येशू म्हणत नाही. आपल्याला थोडीच क्षमा लागली आहे असे त्याला वाटत होते, म्हणून त्याची प्रीतीही थोडीच होती. तुमच्या दुखण्याची नाडी मला येथे सापडते. भावाने तुमचे किती घेतले याचा आकडा तुमच्याकडे गुंठ्यांपर्यंत तयार आहे. तुम्हाला स्वतःला किती माफ झाले, याचा उल्लेख तुमच्या लांबलचक पत्रात कुठेही नाही.

मत्तय १८ मधील निर्दय चाकराचा, म्हणजे राजाने आपले कर्ज माफ केल्यावरही सोबतीच्या चाकराला देण्यासाठी धरणाऱ्याचा, दाखला हाच हिशेब आकड्यांत मांडतो, आणि हे आकडे उपदेशांत फार वेळा चुकीच्या पद्धतीने हाताळले जातात. त्या काळी एक दीनार ही शेतमजुराची साधारण एका दिवसाची मजुरी होती आणि एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. राजाने माफ केलेले १०,००० तलांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. माणसाने जन्मोजन्मी राबले तरी ती फिटणार नाही. सोबतीच्या चाकराचे देणे मात्र १०० दीनार, म्हणजे तीन-चार महिन्यांची कमाई होती. ‘एवढेसे’ म्हणून ती रक्कम झटकून टाकणाऱ्या उपदेशकाने स्वतःचा चार महिन्यांचा पगार बुडवून दाखवावा. येशूने मुद्दाम अशी रक्कम निवडली आहे की जी खरोखर लागते. तुमचा भाऊ तुमचे जे देणे लागतो तेही खरे असू शकते, कदाचित चार महिन्यांपेक्षा कितीतरी अधिक. दाखला तुम्हाला ते खोटे मानायला सांगत नाही. पहिले देणे सहा लाख पटींनी मोठे होते आणि ते माफ झाले आहे, ही गोष्ट दुसऱ्या देण्याकडे पाहताना डोळ्यांआड होऊ देऊ नका, इतकेच तो सांगतो. हृदय नवे होण्याची सुरुवात बहुधा याच ठिकाणी होते: भावाकडे पाहण्यात नव्हे, तर स्वतःच्या माफ झालेल्या कर्जाकडे न लाजता, न घाईने, पुरेसा वेळ पाहण्यात.

तर मग रोजचे वाचन तुम्हाला तिथे का घेऊन गेले नाही? माझा अंदाज स्पष्टच लिहितो, कारण असे वाचन मी अनेकांच्या घरी पाहिले आहे. तुम्ही वचन वाचता तेव्हा भाऊ तुमच्या शेजारी बसलेला असतो. लोभाविषयीचे वचन आले की ते त्याला लागू होते, गर्विष्ठांविषयीचे आले की तेही त्यालाच, आणि उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही तुम्ही बापाच्या बाजूला उभे राहून कोणीतरी पश्चात्ताप करून परत येण्याची वाट पाहता. लूक १५ मध्ये मात्र घराबाहेर रुसून उभा राहिलेला आणखी एक मुलगा आहे, ज्याने कधीच काही उधळले नाही आणि ज्याची तक्रार वस्तुतः बरोबरही होती. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. जो दुसऱ्याच्या दोषाचा पुरावा गोळा करण्यासाठी शास्त्र उघडतो, त्याला पुरावा भरपूर मिळतो आणि त्याचे हृदय दरवेळी थोडे अधिक कठीण होते. रोज वाचणाऱ्याच्या बाबतीत हा धोका न वाचणाऱ्यापेक्षा मोठा असतो.

तुमच्या प्रकरणाशी तंतोतंत जुळणारा एक प्रसंग शुभवर्तमानात आहे आणि तो उपदेशांत क्वचित येतो. लूक १२ मध्ये गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला वतनाची वाटणी करून द्यायला सांगा. त्याची मागणी न्याय्य होती की नव्हती हे लूक लिहीत नाही. येशू वाटणी करून देणारा व्हायला नकार देतो आणि सर्वांनाच लोभापासून सावध राहायला सांगतो. नंतर मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या धनवानाचा दाखला येतो. या नकारात उदासीनता नाही. हद्दी ठरवणारे लोक जगात असतात, आणि त्या कामासाठी आपल्याकडे तलाठी, भूमापक, वकील आणि न्यायालय आहे. जे काम त्यांपैकी कोणीही करू शकत नाही ते येशू हाती घेतो: वतन मागणाऱ्याचे हृदय त्या वतनाला किती चिकटले आहे, हे तो दाखवतो. म्हणून माझा व्यावहारिक सल्ला असा की या दोन गोष्टींच्या फाइली वेगळ्या ठेवा. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड आणि नोंदणीकृत वाटणीपत्र यांचे काम शांतपणे, शक्य तर मंडळीतल्या दोन विश्वासू वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने, मार्गी लावा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल याच मार्गाला प्राधान्य देतो. पण पहाटेच्या प्रार्थनेत ती फाइल उघडू नका.

फाइलीचा विषय निघालाच आहे तर तुमच्या पत्रातील एका वाक्याकडे परत जातो. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले आहे, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे, जणू त्या वाक्यात विचार करण्यासारखे काही नाही. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसताना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो आणि त्यानुसार मुलगा व मुलगी यांचा हिस्सा समान असतो. तुमच्या बहिणीने आपला हिस्सा आनंदाने सोडला असेल तर प्रश्नच नाही. पण आपल्या भागात हक्कसोडपत्रावर सही कशी होते हे आपण दोघेही जाणतो: माहेर तुटेल या भीतीने, सणाला बोलावणे यावे म्हणून, भावांसमोर ‘नाही’ म्हणण्याची सवय नसल्यामुळे. डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण नेताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तो तिथे म्हणत नाही. वर्षानुवर्षे तुम्ही फक्त दुसऱ्या बाजूने तपासणी करत आहात. या वचनातला ‘भाऊ’ तुमच्या बाबतीत बहीण असू शकते. तिला जाऊन भेटा, कागद न घेता, आणि तिला त्या सहीविषयी खरोखर काय वाटते ते विचारा. उत्तर कोणतेही आले तरी ते ऐकून घ्या. ज्याला आपण कोणाचे तरी देणे लागतो याची जाणीव होते, तो आपल्या देणेकऱ्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागतो.

आता छातीतल्या आवळण्याविषयी. ते दडपून ‘मी क्षमा केली आहे’ असे पुनःपुन्हा म्हटल्याने ते जात नाही, आणि शास्त्र तसे करायलाही सांगत नाही. स्तोत्र ५५ मध्ये दावीद म्हणतो की निंदा करणारा शत्रू असता तर सोसले असते, पण हा तर माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, ज्याच्याबरोबर मी देवाच्या मंदिरात जात असे. सख्ख्या भावाने दिलेल्या घावाला यापेक्षा नेमके शब्द सापडणार नाहीत. स्तोत्र १०९ तर इतके कडक आहे की उपासनेत आपण ते सहसा वगळतोच. माझ्या मते ही स्तोत्रे तुमच्यासाठीच आहेत. त्यांत संताप झाकलेला नाही, पण तो देवासमोर बोलला गेला आहे, आणि देवासमोर बोललेला संताप चहाच्या टपरीवर बोललेल्या संतापासारखा वाढत जात नाही. सूड घेणे देवाकडे सोपवा असे रोमकर १२ म्हणते. सोपवायचे असेल तर आधी ते हातात धरून त्याच्यासमोर न्यावे लागते.

त्यानंतर भावासाठी प्रार्थना करा. ‘प्रभू, त्याला सुबुद्धी दे’ ही प्रार्थना नव्हे, ती अर्जाच्या नमुन्यात लिहिलेली तक्रार आहे. त्याच्या मुलीची परीक्षा, त्याचे गुडघ्याचे दुखणे, कारखान्याकडून त्याचे उसाचे बिल वेळेवर जमा होणे, अशा गोष्टी नाव घेऊन मागा. पहिल्या काही दिवसांत हे शब्द कोरडे आणि ढोंगी वाटतील, आणि तरी ते ढोंग नाही, कारण येशूने शत्रूसाठी प्रार्थना करायला सांगताना तसे वाटण्याची अट घातलेली नाही. ज्याच्या भल्यासाठी आपण रोज मागतो, त्याचे वाईट झाल्याचे ऐकून आनंद होणे हळूहळू अवघड होत जाते.

‘पण मग हे सगळे मीच करतो आहे; देव काय करतो?’ असे तुम्ही विचाराल. रोमकर ५:५ नुसार देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात पवित्र आत्म्याच्या द्वारे ओतली जाते. ऊसवाल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. रात्री वीज आल्यावर तुम्ही दारे धरायला जाता, एका सरीचे दार मोडून दुसरीचे बांधता, चिखलात उभे राहता. पण पाणी तुम्ही निर्माण करत नाही, ते पंचगंगेचे असते. वचन वाचणे, प्रार्थना, प्रभुभोजन, मंडळीची संगत आणि आज्ञापालनाची लहान लहान कृत्ये हे सारे दारे धरण्याचे काम आहे. ते न करणारा कोरडा राहतो, आणि पाणीही आपणच काढतो असे समजणारा थकून जातो. रोमकरांस पत्राची रचनाही तशीच आहे: अकरा अध्याय देवाची करुणा उलगडल्यानंतर बाराव्यात पौल प्रीती निष्कपट असावी, छळणाऱ्यांना आशीर्वाद द्यावा, भुकेल्या शत्रूला जेवू घालावे असे सांगायला लागतो. आपण बरेच जण पहिले अकरा अध्याय ओलांडून थेट बाराव्यात शिरतो आणि मग जमत नाही म्हणून खंतावतो.

या नवीकरणाची दोन उदाहरणे देतो. जॉन वेस्ली हा इंग्रज धर्मोपदेशक २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका सभेत गेला असता तिथे रोमकरांस पत्राला जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती, आणि ते ऐकताना आपले हृदय विलक्षण ऊबदार झाल्याचे त्याने नोंदवले आहे. एवढे बहुतेकांना माहीत असते. ज्यांनी आपल्याला विशेष त्रास दिला होता त्यांच्यासाठी आपण तेव्हा सर्व शक्तीनिशी प्रार्थना करू लागलो, असेही त्याने त्याच नोंदीत लिहिले आहे. आणि थोड्याच वेळात, आनंद तर जाणवत नाही, मग हा विश्वास कसला, अशी शंका मनात आल्याचेही प्रामाणिकपणे नमूद केले आहे. माझ्या दृष्टीने त्या ऊबेपेक्षा छळणाऱ्यांसाठी केलेली प्रार्थना ही नव्या हृदयाची अधिक खात्रीची खूण आहे.

दुसरे उदाहरण आपल्या पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले लंडनजवळील फुलम येथील पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठीचे काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांवर इतके प्रेम करायला या भगिनींना काय भाग पाडते, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहान ४ मधील शोमरोनी स्त्रीची आणि येशूची भेट वाचून दाखवण्यात आली. प्रीतीचे कृत्य डोळ्यांसमोर होते म्हणून ते वचन उजळले, आणि वचन उजळले म्हणून त्या कृत्याचा उगम कळला. त्याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात उपाशी मरणाऱ्या स्त्रिया-मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मूळ भाषांवरून शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम केले. वचन एकट्याने बंद खोलीत वाचणाऱ्याला जे दिसत नाही ते प्रीती करणाऱ्या लोकांच्या सहवासात दिसते. म्हणून मंडळीत ज्याने अशी अढी खरोखर सोडली आहे अशा कोणाबरोबर तरी आठवड्यातून एकदा बसून वाचा.

एका भ्रमाविषयी सावध करतो. संकटात घडलेला समेट म्हणजे नवे हृदय असे समजू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले तेव्हा अबोला असलेल्या नातलगांनी एकमेकांचे सामान वरच्या मजल्यांवर चढवले, एकमेकांच्या घरी दिवस काढले. पाणी ओसरले, आणि काही घरांत बोलणेही पुन्हा ओसरले. ती माणुसकी खोटी नव्हती, देवाचे ते दानच होते. पण ज्या हृदयाला आपले कर्ज माफ झाल्याचे माहीत नाही ते पाणी उतरल्यावर आपल्या जुन्या हिशेबाकडे परत जाते.

क्षमा आणि विश्वास ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योसेफाने आपल्याला विकून टाकणाऱ्या भावांना मिठी मारली, पण त्याआधी उत्पत्ती ४२ ते ४४ या अध्यायांत त्याने ते बदलले आहेत की नाहीत हे नीट पारखून घेतले. त्यांचा बाप याकोब मिसरात १७ वर्षे जगला, आणि तो मरताच भावांना पुन्हा धास्ती वाटली की योसेफ आता सूड घेईल. इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या मनातली भीती पुरती गेली नव्हती. योसेफ रडला, आणि मी देवाच्या ठिकाणी आहे काय, असे म्हणून त्याने त्यांना धीर दिला. तेव्हा तुमच्या भावाकडून लगेच उबदार प्रतिसाद आला नाही तर आश्चर्य मानू नका. शक्य असेल तर, आपल्याकडून होईल तितके, शांतीने राहा असे पौल लिहितो आणि दुसऱ्याचा वाटा दुसऱ्यावर सोडतो. हे उत्तर वाचणाऱ्यांत कोणी घरात मारहाण सोसत असेल, तर त्यांनी यातून ‘परत जाऊन सोसत राहा’ असा अर्थ काढू नये; त्यांनी आधी सुरक्षित ठिकाणी जावे आणि कायद्याची मदत घ्यावी. ग्लॅडिस स्टेन्स यांनी जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात पती आणि दोन लहान मुलगे जाळून मारले गेल्यानंतर मारेकऱ्यांना क्षमा केली, हे उदाहरण आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. ते सांगावेच, पण नुकत्याच जखमी झालेल्या माणसाच्या पाठीवर ते छडीसारखे मारू नये. त्या क्षमेमुळे खटला थांबला नाही, आणि तो थांबायलाही नको होता.

प्रभुभोजनाविषयी तुम्ही विचारले आहे. भावाचा निषेध म्हणून मेजापासून दूर राहू नका; त्या मेजावर भाकर मोडली जाते ती ज्यांना फेडता येत नाही अशा कर्जदारांसाठीच. मात्र अढी जपायचीच असे ठरवून तिथे येऊ नका. ‘प्रभू, मला सोडता येत नाही, पण सोडायचे आहे’ एवढे खरे म्हणता येत असेल तर या. तेही म्हणता येत नसेल तर रविवारच्या आधी आपल्या पाळकांना जाऊन तसे सांगा. ते यासाठीच आहेत.

वाचनाचा क्रम मी असा सुचवतो. पहिला महिनाभर करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय बाजूला ठेवा. तो तुम्हाला इतका पाठ आहे की तो आता तुम्हाला काही विचारत नाही. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा, ५१ आणि ५५ आठवड्यातून एकदा तरी येतील असे पाहा. त्याबरोबर लूकचे शुभवर्तमान सातव्या अध्यायापासून थोडे थोडे वाचा, आणि प्रत्येक प्रसंगात आपण नेमके कोणत्या जागी उभे आहोत हे वहीत एका ओळीत लिहा. त्या ओळीत भावाचे नाव येऊ देऊ नका. दुसऱ्या महिन्यात रोमकरांस पत्र पहिल्या अध्यायापासून सुरू करा आणि बाराव्यापर्यंत पोहोचायची घाई करू नका. बाराव्यात पोहोचाल त्या आठवड्यात भावासाठी एक साधे, परत काही न मागणारे काम करा. उसाला तोड आली असेल तर त्याच्या शेतावर जाऊन उभे राहिलात तरी चालेल. बहिणीकडे मात्र त्याआधी जाऊन या.